धरणाच्या पोटातला महाल

नळदुर्गच्या किल्ल्यात एक धरण आहे, आणि त्या धरणाच्या पोटात एक महाल आहे. भेटेल त्याला मी सध्या हे वाक्य ऐकवतेय. समोरचा माणूस मान डोलावतो, तेव्हा मी पुन्हा सांगते : अहो, धरणाच्या पोटात! भिंतीच्या आत! डोक्यावरून नदी वाहत असते, समोर पाण्याचा पडदा कोसळत असतो, आणि आपण कमानीखाली दगडी कट्ट्यावर कोरडे बसून तो बघत असतो. हे बांधलं 1613 साली. तेव्हा ताजमहालाच्या पायाचा दगडसुद्धा बसलेला नव्हता.

तुळजापूरला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. माझी आत्या मुरूमची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वर्षानुवर्षं शाळेच्या सहली घेऊन नळदुर्गला जाणारी. देवळातून बाहेर पडल्यावर तीच म्हणाली, ‘‘इथवर आलीस आणि किल्ला न बघता जातीस व्हय? चल, गाडी वळव.’’ भाद्रपदातले दिवस. बोरी धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटल्याची बातमी तिनं सकाळीच पेपरात वाचलेली होती, आणि तिच्या लेखी त्या बातमीचा अर्थ एकच होता. नर-मादी सुरू झाले!

सोलापूर–हैदराबाद महामार्गावर गाव जवळ आलं की एका बाजूला काळा तट दिसायला लागतो. तो संपतच नाही. गाडी पुढे सरकतेय, बुरुजामागून बुरुज येतायत, मध्ये घरं, दुकानं, टपऱ्या आडव्या येतात आणि त्यांच्या डोक्यावरून पुन्हा बुरुज वर येतो. सगळा घेर जवळपास तीन किलोमीटरचा, आत सव्वाशे एकरांच्या आसपास जमीन आणि बुरुज 114! आकडा आत्यानं सांगितला तेव्हा मी खिडकीतून मोजायला लागले होते; तटानं वळण घेतलं आणि मोजणी तिथंच राहिली.

सह्याद्रीतले किल्ले मी पुष्कळ पाहिलेत. तिथं निम्मं संरक्षण डोंगरच करतो. कडा असतो, दरी असते, माणसानं फक्त वरचा कठडा बांधायचा. इथं तसा डोंगर नाही. बालाघाटाच्या उतरणीवरचा उघडा माळ, पायाखाली काळा बसाल्ट, आणि शेजारून वाहणारी बोरी. एवढ्या सामग्रीवर अभेद्य जागा उभी करायची होती. म्हणून मग त्यांनी नदीलाच कामाला लावलं, आणि नळदुर्गची सगळी बुद्धी मला तिथंच दिसते.

किल्ला पूर्वीपासूनचा. बहमनी राज्य फुटल्यावर तो विजापूरच्या आदिलशाहीकडे आला. पहिल्या अली आदिलशहानं सोळाव्या शतकाच्या मध्यावर त्याचा दगडी तट उभारला. लोकांच्या सांगण्यात तो त्याहून कितीतरी जुना आहे, नळराजा आणि दमयंतीचा. आत्यानं शाळेच्या मुलांना सांगावी तशी ती गोष्ट मला हुलमुख दरवाजापर्यंत चालता चालता सांगितली. दरवाजाशी आल्यावर मात्र तीही गप्प झाली. वाट सरळ आत जाऊच देत नाही. वळसा, पुन्हा वळसा, दोन्ही बाजूंना उंच भिंती, आणि त्या भिंतींवरून खाली रोखलेल्या जंग्या. हल्ला करणाऱ्याचा सगळा वेग या वळणांवर मोडायचा आणि तो मोडलेल्या अवस्थेत वरून टिपायचा. पुस्तकात हे अनेकदा वाचलेलं. तिथं उभं राहिल्यावर पाठीवरून काटा सरकतो.

आत गेल्यावर जीव दडपतो तो पसाऱ्यानं. अंबरखाना, मशीद, बारादरी, राणीमहालाचे अवशेष, मुन्सिफ कोर्टाची इमारत, हत्ती तलाव, मछली तलाव. अलीकडच्या वर्षांत वाटा झाल्यात, झाडं लागलीत, चालायला बरं पडतं. यातल्या प्रत्येक ठिकाणी मी थांबायला बघत होते आणि आत्या मला पुढे ओढत होती. नवबुरुजापाशी मात्र मी ऐकलं नाही. बुरुज म्हणजे गोल, ही आपली ठाम समजूत. हा गोल नाही. याला बाहेरच्या अंगानं नऊ फुगीर पाकळ्या आहेत, एकीला लागून दुसरी, सगळ्या दगडात घडवलेल्या. प्रत्येक दगडाचा बाक वेगळा काढावा लागला असणार. गोलावा आला की तोफगोळा घासून निसटतो हे खरं, पण त्यासाठी एक साधा गोल पुरला असता. नऊ पाकळ्या कुणीतरी हौसेनं काढल्यात! लढाईच्या इमारतीत एवढी हौस करणारा माणूस मला फार आवडला.

मग आवाज आला.

आधी वाटलं महामार्गावरून ट्रकांची रांग चाललीय. पण आवाज थांबेना, कमी-जास्तही होईना. आत्याचा चेहरा खुलला. ‘‘ऐकू यायलंय नव्हं? तेच.’’ ती माझ्या पुढे चालायला लागली, गुडघे दुखतात ही तक्रार तिनं गाडीतच सोडली होती.

धरण दिसलं ते आधी वरून. इकडे नळदुर्ग, पलीकडे रणमंडळ हा धाकटा किल्ला, मधोमध बोरीची दरी, आणि दोन्ही किल्ल्यांना जोडणारी ही प्रचंड दगडी भिंत. या भिंतीवरून चालत रणमंडळात जाता येतं, म्हणजे हा पूलही झाला. भिंतीनं पाणी अडवलं की वरच्या अंगाला नदी फुगून तटाला येऊन भिडते, म्हणजे हा खंदकही झाला, तोही कुणाला न खोदावा लागलेला. आतल्या फौजेला, हत्ती-घोड्यांना, रयतेला पिण्याचं पाणी इथूनच, म्हणजे हा तलावही झाला. आणि हे सगळं करून झाल्यावर त्यांनी त्या भिंतीत महाल बसवला! एका बांधकामाकडून एवढी कामं करून घेतलेली मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाहीत. मराठवाड्याच्या या भागात पावसाचा भरवसा नाही, वर्षातले कितीतरी महिने नदीचं पात्र कोरडं. इथं पाण्याची किंमत सगळ्यांनाच ठाऊक. वेढा पडलेल्या किल्ल्यात ती प्राणाएवढी होते. म्हणून नदीच तटाच्या कुशीत घेतली की सगळे प्रश्न एकदम सुटतात, हे ज्याला सुचलं त्याच्या डोक्याला दंडवत.

भिंतीच्या माथ्यावर दोन सांडवे आहेत. धरणाला पाण्याचं ओझं असह्य होऊ नये म्हणून जादा पाणी ठरावीक वाटेनंच बाहेर पडावं, एवढंच खरं तर त्यांचं काम. त्या दोन वाटांनी पडणाऱ्या पाण्याचे दोन धबधबे होतात, त्यांतला एक नर आणि दुसरी मादी. पांढराशुभ्र लोट काळ्या दगडावरून सुटतो आणि खाली दरीत तुषारांचं धुकं उठतं. सुट्टीचा दिवस होता. उमरग्याकडची, सोलापूरची, कलबुर्गीची कुटुंबं आली होती, मराठी, कन्नड, दख्खनी उर्दू सगळं एकमेकांत मिसळून त्या आवाजावर ओरडत होतं. एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते आणि दोघंही सारख्याच उघड्या तोंडानं बघत होते.

‘‘आता खाली,’’ आत्या म्हणाली.

भिंतीतच दार आहे. त्यातून अरुंद पायऱ्या उतरतात. वरचा उजेड सुटतो, हवा गार होते, आणि पाण्याचा आवाज बदलतो. बाहेर तो समोरून येत होता, इथं तो चोहोबाजूंनी अंगात शिरतो. हाताला ओलसर दगड लागतो. मग एकदम उजेड. दालन छोटंसंच आहे, नाजूक कमानींचं, कोरीव कामाचं, बसायला कट्टे, आणि कमानींपलीकडे पाणी. कोसळणारं. इतकं जवळ की बोलणं ऐकू येत नाही. वरच्या कडेवरून लोट बाहेर झेपावतो आणि मधली जागा मोकळी राहते, त्या मोकळ्या जागेत हा महाल. पाण्यातून गाळून आलेला उजेड छतावर हलत होता. माझी ओढणी कोरडी होती! मी हात बाहेर काढून तुषार झेलले, पुन्हा आत घेतला, पुन्हा बाहेर काढला. आत्या कट्ट्यावर बसून माझ्याकडे बघत हसत होती, तिनं आजवर आणलेल्या प्रत्येक सहलीतल्या मुलांनी बहुधा हेच केलं असणार.

थोडा वेळ गेला आणि मग मला खरं आश्चर्य वाटायला लागलं. मी एका भिंतीच्या आत बसले होते. पाठीमागे नदी होती, साठलेली, दाबाखाली असलेली, चारशेहून अधिक वर्षं याच भिंतीवर रेटा देणारी. त्या रेट्याला तोंड देणाऱ्या भिंतीचं पोट पोकळ ठेवायचं धाडस कुणी केलं? ज्या जागी भिंत भरीव हवी तिथं भरीव, जिथं पोकळी चालेल तिथंच पोकळी, दगड घट्ट, चुना घट्ट, आणि पाण्याची उडी नेमकी कुठून सुटेल याचा हिशोब बांधकामाआधीच झालेला. चूक झाली असती तर पहिल्याच पुरात महाल, भिंत, सगळं वाहून गेलं असतं. तसं झालं नाही. त्यानंतर किती पूर आले असतील, किती दुष्काळ, किती सत्ता! त्या स्थपतीचं नाव मीर मुहम्मद इमादीन. इथल्या फारसी शिलालेखामुळे ते आपल्यापर्यंत पोचलंय. या वास्तूवर नजर पडताच मित्रांचे डोळे उजळावेत आणि शत्रूंचे अंधारावेत, अशा अर्थाचा मजकूरही त्यात आहे. पहिल्या अर्ध्या भागाची साक्ष मी देते.

बांधवून घेणारा राजा दुसरा इब्राहीम आदिलशहा. विजापूरला त्याचा रौझा ज्यांनी पाहिलाय त्यांना या माणसाची नजर ओळखीची वाटेल. 1580 मध्ये लहानगा असताना गादीवर आला, त्याच्या बालपणी कारभार चांदबिबीनं सांभाळला, आणि मोठेपणी तो गाण्यात असा बुडाला की त्यानं ‘किताब-ए-नौरस’ हा गीतांचा ग्रंथ रचला, सरस्वतीचं स्तवन केलं, आणि प्रजा त्याला जगद्गुरू म्हणायला लागली. सरहद्दीवरच्या लढाऊ किल्ल्यात, निजामशाहीच्या तोंडाशी, त्याला पाण्याचं गाणं ऐकायला खोली हवीशी वाटली. मला त्यात विसंगती दिसत नाही. लढाई रोज नसते, पाऊस मात्र दरवर्षी येतो, निदान यावा अशी आशा असते. आणि राजाला दोन्हींची तयारी ठेवावी लागते.

वर आलो तेव्हा आत्या म्हणाली, ‘‘दम लागला का? उपली बुरुज ऱ्हायलाय अजून.’’

उपली बुरुज हा किल्ल्यातला सगळ्यात उंच. सत्तरेक पायऱ्या आहेत, जरा उभ्याच. वर लांबलचक तोफा पडल्यात. मगर तोफ, हत्ती तोफ ही नावं इथल्या शाळकरी पोरांच्या तोंडी असतात. आणि वारा! त्या वाऱ्यात उभं राहून चारी दिशा बघितल्या की किल्ल्याची आखणी एकाच नजरेत कळते. खाली तटाची वेडीवाकडी रेघ, एका अंगाला पाणी, पलीकडे रणमंडळ, गावाची दाटी, आणि दूरवर महामार्गावर मुंगीच्या चालीनं सरकणारी वाहनं. सोलापूर आणि हैदराबाद यांच्यामधलं प्रत्येक सैन्य या रस्त्यानंच जाणार आणि या बुरुजावरून दिसणार. म्हणूनच 13 सप्टेंबर 1948 ला, हैदराबाद मुक्तीच्या कारवाईच्या पहिल्याच दिवशी, भारतीय फौजा सोलापूरकडून निघाल्या त्या नळदुर्गवरच आल्या, आणि बोरीवरचा पूल शाबूत हाती येणं हा त्या सकाळचा मोठा प्रश्न होता. याच परिसरात शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तर सिंग लढता लढता पडले. त्यांना पुढे अशोकचक्र मिळालं. आत्याच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या पिढीनं रझाकारांचे दिवस पाहिलेले. त्यामुळे बुरुजावर उभं राहून ती पुलाच्या दिशेला बोट दाखवत होती तेव्हा तिचा आवाज शाळेतल्या बाईंचा राहिला नव्हता.

एक मैत्रीण फ्रान्सला जाऊन आली आणि कार्कासोन नावाच्या तटबंदीच्या गावाचे फोटो तिनं पाठवले. दुहेरी तट, 52 मनोरे, टोकदार छपरं, 1997 पासून जागतिक वारशाच्या यादीत. बघताना मन हरखून जातं. त्या गावाची गोष्टही विलक्षण आहे. एकोणिसाव्या शतकात सरकार तो तट पाडायलाच निघालं होतं, गावातल्या इतिहासप्रेमींनी आणि प्रॉस्पेर मेरिमे या लेखकानं आरडाओरडा केला, निर्णय मागे घेतला गेला, आणि 1853 मध्ये व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदानं दुरुस्तीला हात घातला. माझ्या मनात ते साल घट्ट बसलंय, कारण त्याच 1853 मध्ये कर्नल मेडोज टेलर नळदुर्गला आला. निजामानं कराराखाली जो मुलूख इंग्रजांच्या हवाली केला त्यात नळदुर्ग होतं, आणि टेलर इथला कारभारी झाला. हा तोच माणूस, ज्यानं ठगांवरची कादंबरी लिहिली. पुढे त्यानं ‘तारा’ लिहिली ती तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर, आणि ‘अ नोबल क्वीन’ लिहिली ती चांदबिबीवर. किल्ल्यात राहून, हे तट रोज बघून, त्याच्या मनात तिची गोष्ट वाढली असेल असं मला राहून राहून वाटतं. तेव्हा नळदुर्ग हे जिल्ह्याचं ठिकाण होतं; 1904 मध्ये मुख्यालय धाराशिवला हललं आणि इथला कचेऱ्यांचा गजबजाट संपला.

कार्कासोनचा तट आणि हा तट, दोन्ही तीन किलोमीटरच्या घरातले. तिथं ओद नदी टेकडीखालून आपल्या वाटेनं जाते. इथली नदी किल्ल्याचा अवयव आहे. मी तुलना करून कुणाला खाली बसवत नाही, पण धाराशिव जिल्ह्यातल्या या गावात असं काही आहे हे लातूर-सोलापूरच्या पलीकडे किती जणांना माहीत आहे? ज्यांना परदेशी तटबंदीचे फोटो बघून निघावंसं वाटतं त्यांनी आधी इथं यावं, हे मी अगदी मनापासून म्हणते.

आणि हे गाव जिवंत आहे! किल्ल्याच्या सावलीत बाजार भरतो, एसटी थांबते, पोरं तटाच्या कडेला क्रिकेट खेळतात. पलीकडच्या मैलारपूरला खंडोबा आहे. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा देव एकच, मूर्तीही एकच. वर्षातला बहुतेक काळ ती अणदूरला असते आणि ठरलेले दिवस इथं येते. दोन्ही गावं ती वाजतगाजत नेतात-आणतात. पौष पौर्णिमेच्या यात्रेला माणूस मावत नाही. ‘‘भंडाऱ्यानं रस्ता पिवळा होतो बघ,’’ आत्या म्हणाली, आणि पौषात परत यायचं तिथल्या तिथं ठरलं.

दुपारी गावातल्या एका खानावळीत ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि तिखटजाळ आमटी खाताना मी एकीकडे परंड्याचं अंतर बघत होते. कारण किल्ल्यात फिरताना कळलं होतं की नळदुर्गच्या एका बुरुजाचं नावच परांडा बुरुज आहे. बुरुजाचं तोंड ज्या दिशेच्या शत्रूकडे, त्याचं नाव बुरुजाला दिलेलं असावं, असा माझा तर्क. परंडा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. अहमदनगर 1600 मध्ये मोगलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबरनं निजामशाहीची गादी परंड्यात मांडली होती. विजापूरला आज जी मुलुखमैदान तोफ बघायला गर्दी होते, ती 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली, पण विजापूरला गेली ती परंड्याहून, 1632 मध्ये. पंचावन्न टनांच्या आसपास वजन! ती त्या काळच्या रस्त्यांनी ओढत नेली. 1634 मध्ये महाबतखान आणि शहजादा शुजा मोगल फौज घेऊन परंड्याला भिडले आणि हात हलवत परत गेले. एकाच जिल्ह्यात असे दोन भुईकोट, आणि मधल्या रस्त्यावर धाराशिवची लेणी, तेरचं प्राचीन गाव. माझी वही भरत चाललीय.

निघायचं असेल तर बोरी धरण भरल्याच्या बातमीवर लक्ष ठेवा. श्रावण सरताना किंवा भाद्रपदात ती बहुधा येते, आणि काही वर्षी येतच नाही. सोलापूरहून तासाभराचा रस्ता, तुळजापूरहून त्याहूनही कमी. सकाळी दरवाजा उघडल्या उघडल्या आत शिरा. आधी उपली बुरुज चढा, उन्हं तापायच्या आत, म्हणजे किल्ल्याचा नकाशा डोक्यात बसेल. नवबुरुजाला बाहेरच्या अंगानं बघायला विसरू नका. पाणीमहालात ओल्या पायऱ्यांवर घसरत नाहीत अशा चपला हव्यात. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर हात धरून उतरा, पण उतराच. खाली गेल्यावर घाई करू नका, मागची माणसं थांबतात, सगळ्यांनाच तिथं वेळ हवा असतो. आणि बरोबर कुणी मराठवाड्यातली आत्या, मावशी, काकू असेल तर तिलाच पुढे चालू द्या.